एका मडक्यापुरता पाला

नवी मुंबईत थंडी पडते हे अख्ख्या नवी मुंबईत फक्त एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझ्या मैत्रिणीचा बाप आहे. बाकीच्या जनतेला डिसेंबर आल्याचं कळतं ते पंखा एका आकड्याने खाली आणल्यावर. काकांचं तसं नाही. दिवाळीचा फराळ संपला की ते रोज सकाळी उठून आधी बाथरूमच्या खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बघतात. तेल ओघळलं की गप्प चहा प्यायचा आणि कंपनीच्या बसला जायचं. तेल बुडाशी चिकटून राहिलं की तिथूनच आरोळी, "आली गो, आली!" त्या दिवसापासून होळीपर्यंत हा चोपन्न वर्षांचा गृहस्थ बसला शिवत नाही. कामोठ्याहून पावण्याला, जिथे एका छोट्या कारखान्यात रबराचे वॉशर बनतात आणि काका तिथली मशिनं दुरुस्त ठेवतात, तिथपर्यंत सायकलने जातो आणि सायकलने येतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी सायकल धुऊन, पुसून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली. उन्हाळ्यात का नाही चालवत, असं विचारलं तर ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात, जणू आपण जानेवारीत आंबा का खात नाही असं विचारलंय.

एकदा नोव्हेंबर सरत आला तरी तेल काही गोठेना. काका घरात चिडचिड करायला लागले, बातम्यांतल्या हवामानवालीशी भांडायला लागले. शेवटी माझ्या मैत्रिणीने कंटाळून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि पहाटे गुपचूप खिडकीत नेऊन ठेवली. काका त्या दिवशी माकडटोपी घालून भर उकाड्यात पावण्याला गेले. संध्याकाळी घामाने निथळत परत आले तेव्हा काकू म्हणाल्या, "काय, वाजली का थंडी?" तर म्हणतात, "सकाली होती. तुमी उशिरा उठता, तुमाला गावत नाय."

त्यांचा पोशाख हा स्वतंत्र पत्रकाचा विषय आहे. डोक्याला मरून माकडटोपी, तिच्यातून फक्त नाक आणि मिशी. अंगात काकूंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, जो आता पोटावर येऊन थांबतो आणि पुढे जायला नकार देतो. त्यावर कंपनीचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. हातमोज्यांच्या जागी पायमोजे. विजार चेनमध्ये जाऊ नये म्हणून दोन्ही घोट्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे. या चिमट्यांमुळे त्या घरात दर हिवाळ्यात यादवी माजते, कारण काकूंचे चिमटे जोडीने गायब होतात आणि चादरी खालच्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत उतरतात. "अहो, बाजारातनं तुमच्यापुरते वेगळे आणा की चिमटे!" काकू ओरडतात. "ते नवे चावतात," काका सांगतात. या अवतारात ते निघतात तेव्हा समोरच्या मैदानात पोरं हाफ पँटवर क्रिकेट खेळत असतात आणि बर्फाचा गोळेवाला गाडी पुसत असतो.

सायकल काळी, बावीस इंची, मागे धान्याचं पोतं पेलेल असं कॅरियर. गिअर नाहीत. ब्रेक आहेत, पण त्यांच्यावर काकांचा विश्वास नाही. थांबायचं असलं की ते सरळ चप्पल रस्त्याला लावतात. प्रत्येक उड्डाणपुलाच्या पायथ्याशी उतरून सायकल हातात धरून चालत चढतात आणि पलीकडच्या उतारावर दोन्ही पाय पेडलवरून उचलून, फाकवून, मिशी वाऱ्यावर सोडून खाली येतात. चोपन्नाव्या वर्षी गुडघे चढायला नाही म्हणत असतील तर उतरायची मजा का सोडायची, हा त्यांचा मुद्दा, आणि मी बऱ्याच सभांमध्ये याहून पोकळ मुद्दे ऐकलेत. हिवाळ्यात कारखान्यांचा धूर खाली बसतो आणि त्या पट्ट्यात सकाळी दिसत काही नाही, वास मात्र सगळे येतात. ही गोष्ट कुणीतरी ओरडून सांगायला हवी, ती मी ओरडून सांगते. काका त्या वासांचा नकाशा करतात. "रंगाचा वास आला का डावीकडं खड्डा. रबराचा आला का आपली गल्ली." असल्या हवेत श्वास घेत जगू नये हे त्यांना सांगून झालंय. "मग काय, श्वास थांबवू कं?"

मोटारवाल्यांशी त्यांचे संबंध सलोख्याचे आहेत, म्हणजे काकांकडून. एकदा एका लठ्ठ गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "ओ काका, मरायचंय का?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "आज नाय. रजा शिल्लक हायत अजून." खारघरच्या बाजूला रविवारी सकाळी घट्ट कपड्यांतले सायकलवाले असतात, त्यांच्या हेल्मेटची किंमत ऐकली तर काकांची सायकल लाजेने गंजेल. त्यांच्यातल्या एकाने जवळ येऊन अदबीने विचारलं, "अंकल, डेली किती के एम?"

"कंपनीपर्यंत."

"आणि ॲव्हरेज स्पीड?"

"साडेआठला पंच करावा लागतो."

तो बिचारा अंगठा दाखवून पुढे गेला.

पण काकांची खरी कमाल वेगळी आहे. हा माणूस पुढे बघून सायकल चालवतच नाही. कामोठ्यात असेपर्यंत मान डावीकडे, नजर रस्त्याच्या कडेला, आणि वेग असा की शाळेला निघालेली पोरं दप्तरासकट पुढे जातात. बघणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी पडलंय. मात्र गावाची शीव ओलांडली, हायवेच्या कडेला लागले, की मान सरळ आणि पाय सपासप. हे कोडं मला फार दिवस उलगडलं नव्हतं.

माझी-त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. आम्ही काही जण तेव्हा सायकलींसाठी वेगळी मार्गिका मागत होतो, अजूनही मागतोय. मी चौकात उभी राहून पत्रकं वाटत होते. गाड्यांच्या काचा खाली होत नव्हत्या आणि माझं डोकं तापलेलं होतं. तेवढ्यात हे ध्यान आलं. मी धावत जाऊन पत्रक हातात कोंबलं. त्यांनी चप्पल रस्त्याला लावली, पत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं, चार घड्या घातल्या आणि सीटच्या खाली करकरणाऱ्या स्प्रिंगमध्ये बसवून दिलं. एकदा बसून बघितलं. करकर थांबली. "कागद चांगला हाय," म्हणाले आणि गेले. आमच्या चळवळीने कुणाच्या आयुष्यात घडवलेला हा पहिला ठोस बदल. घरी येऊन मैत्रिणीला रागारागाने हा किस्सा सांगितला तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "माकडटोपी होती? मरून? अगं, तो माझा बाप."

मग मी त्यांना सोडते होय! आमच्याकडे पाठिंबा देणारे भरपूर होते, पण सगळे गाडीतून येऊन पाठिंबा देत होते. रोज सायकलने कामाला जाणारा, हाताला काळं लागलेला खराखुरा माणूस सापडला होता. मी त्यांना खारघरच्या आमच्या सभेत बोलायलाच बसवलं. ओळख करून देताना मी इंधन, प्रदूषण, आरोग्य, सगळं त्यांच्या वतीने बोलून टाकलं आणि म्हटलं, "काका, सांगा आता, तुम्ही सायकल का चालवता?"

काका उठले. टोपी काढली नाही. म्हणाले, "भांबुर्डी बगाला."

मला वाटलं भांबुर्डी हे कुणा बाईचं नाव असावं, आणि आता आपली सभा बुडाली.

"बसमधना दिसत नाय," काका समजावून सांगायला लागले. "चालत गेलो तर पंच चुकतो. म्हनून सायकल."

तेवढ्यावर ते बसले असते तर बरं झालं असतं. पण कुणीतरी विचारलं, भांबुर्डी म्हणजे काय, आणि मग पुढची वीस मिनिटं माझ्या सभेची पोपटी झाली. मी साताऱ्याकडच्या घरातली, मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्हालाही सांगते. पोपटी म्हणजे इकडच्या गावांचा थंडीतला मेवा. भांबुर्डी हे पावसाळ्यानंतर मोकळ्या जागेत उगवणारं, उग्र वासाचं रानटी झुडूप. मडक्याच्या तळाला तिचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा, आणि मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करायचं. मग मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, त्या पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. "वरतून पान्याचा शिपका मारला आनि मडका चर्र बोलला, का झाली," असं म्हणून काकांनी आमच्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी खरंच टेबलावर शिंपडलं. सभेच्या पहिल्या रांगेत लोक आवंढे गिळत होते. वातावरण बदलावरचे तक्ते मागे तसेच लटकत होते. मी माइक काढून घेतला. हो, काढून घेतला. मला तेव्हा वाटलं, लोकांना कशाचं गांभीर्यच नाही.

मैत्रिणीने बाकीचं नंतर सांगितलं. काका चार भाऊ. चौघं नवी मुंबईच्या चार वेगवेगळ्या नोडमध्ये, चार बिल्डिंगांत, चार वेगवेगळ्या मजल्यांवर. दिवाळीला एकमेकांना मोबाइलवर पणती पाठवतात आणि संपलं. वर्षातून एकदा, पोपटीच्या दिवशी, चौघं कामोठ्यात येऊन जमिनीवर मांडी घालून एका पानाभोवती बसतात. आणि त्या घरचा एक नेम आहे, आजोबांपासूनचा: पहिल्या मडक्याचं तोंड बंद करायला पाला गावच्या शिवेतलाच हवा. शेंगा कुठल्याही चालतील, कोंबडी कुठलीही चालेल, पाला घरचा. म्हणून शिवेच्या आत मान डावीकडे आणि शीव ओलांडली की मान सरळ. मी एकदा काकांना म्हटलं, "हल्ली हायवेला तयार पोपटी मिळते की, पार्सल."

"हां. आनि भाऊ पन पार्सल मागवाचे कं?"

काका जमीन फुटात मोजत नाहीत, मडक्यांत मोजतात. "ती शाला हाय ना, तिथं पाच मडक्यांचा पाला येचा." "त्या खांबाच्या बुडाला दोन मडकी." "हिकडं बँक हाय, हितं तर बोलू नको, अख्ख्या गावाला पुरून उरायचा." रस्ता, पूल, टॉवर, पार्किंग, एकेक जागा गेली. त्यांनी कधी कुणाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही, हे मला अजून पटत नाही. माझ्या हातात त्या मोजमापाची यादी असती तर मी मोर्चा काढला असता. शेवटी उरला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा एक मोकळा प्लॉट. तिथे काका सगळा पाला कधीच ओरबाडत नसत. शेंडे खुडायचे, आणि कडेच्या ओळीला हात लावायचा नाही. ती ओळ फुलायची, तिचं म्हातारीच्या केसांसारखं बी उडायचं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पाला. ती ओळ आहे तोवर चार भाऊ आहेत, असा साधा हिशोब होता.

आणि नेमकी त्याच रस्त्यावर आमची मार्गिका आली. दोन वर्षं घसा फोडून मिळवलेली, पांढऱ्या पट्टीची. पावसाळा सरला तेव्हा ती पट्टी गवताखाली दिसेनाशी झाली होती. मी संतापले. गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही बावीस जण विळे, हातमोजे आणि गोणी घेऊन सकाळी सातला तिथे हजर. मी भाषण केलं. भाषण इतकं चांगलं झालं की कार्यकर्ते पट्टीवर थांबलेच नाहीत. पट्टी साफ झाली, मग पट्टीच्या पलीकडचं रान, मग पूर्ण प्लॉट. "मुळासकट काढा, नाहीतर परत येतं!" मीच ओरडत होते. त्या झुडपांचा वास असा नाकात जात होता की निम्मे जण शिंकत होते, आणि मी म्हणाले, बघा, हे विषारी गवत आपण शहरात वाढू देतो! त्याच झुडपाबद्दल मी वीस मिनिटं ऐकलं होतं. पण मी ते ऐकलं होतं माइक परत कधी मिळतो याची वाट बघत. भांबुर्डी हा शब्द माझ्यापाशी होता. भांबुर्डी दिसते कशी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

साडेनवाला काका आले. रविवार होता, त्यामुळे पाला बघायला मुद्दाम फेरी असायची. मी लांबूनच हात हलवला. "काका, या! बघा, तुमच्यासाठी रस्ता मोकळा केला!"

चप्पल रस्त्याला लागली. काका सायकलवर बसूनच मोकळ्या, तांबड्या, खणलेल्या प्लॉटकडे बघत राहिले. मग त्यांनी माकडटोपी काढली. मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं.

"सगला काढला?"

"मुळासकट!" मी म्हणाले. असं म्हणाले, छाती काढून.

ते उतरले. एका गोणीचं तोंड उघडलं, एक पान चुरगळून नाकाशी धरलं. तेवढ्यात तोच वास माझ्याही नाकात होता, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते दोन तुकडे एकत्र आले. मी कडेच्या ओळीकडे पाहिलं. ओळ नव्हती.

"काका, ही..."

"हां. भांबुर्डी."

मी ओरडा खायला तयार झाले. मला ओरडता येतं, त्यामुळे खाताही येतो. पण काका एकेक रोप उचलून शेंड्याकडे निरखून बघत होते आणि खाली ठेवत होते. दहा-बारा झाली. "फुल नाय धरला अजून," ते स्वतःशीच म्हणाले. म्हणजे बी नाही. मग टोपी परत घातली आणि माझ्या कार्यकर्त्यांकडे वळून मेंटेनन्सवाल्या आवाजात म्हणाले, "गोनी उनातना काढा रे, मलूल होल. सावलीत घ्या. पोपटी आजच लावाला लागंल."

आणि त्या संध्याकाळी कामोठ्यात जी पोपटी लागली तशी गावाने बरीच वर्षं पाहिली नसेल. नऊ मडकी. काकांनी तीन भावांना फोन केले, "आज ये. नाय, आजच." वालाच्या शेंगा अजून कोवळ्या होत्या, भरलेल्या शोधायला ते सायकलने पनवेलच्या बाजारात जाऊन आले. काकू "तीन आठवडे आधी? अंगात आलंय का?" असं म्हणत मसाला वाटत होत्या. माझे कार्यकर्ते ऐन लढ्यात कधी नव्हते इतके शिस्तीने गोवऱ्या रचत होते. आमच्यातला एक जण दूध, अंडं, मध काहीच खात नाही, त्याच्यासाठी निव्वळ शेंगा-बटाट्याचं वेगळं मडकं लावताना काका त्याला आपादमस्तक न्याहाळून मला म्हणाले, "हा पोरगा जगतो कशावर गो?" पहिल्या मडक्याचं तोंड बंद करायची वेळ आली तेव्हा पाल्याचा मोठा बोळा त्यांनी माझ्या हातात दिला. "दाब. गच्च दाब. वाफ गेली नाय पायजे." मी दाबला. बोटांना तो वास दोन दिवस होता.

सूर्य खाडीपलीकडे टेकला तेव्हा मडकी फुटली. चारी भाऊ पानाभोवती बसले. थोरल्याने शेंग सोलून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि विचारलं, "एवडा पाला कुठना आनलास रे यंदा?"

मी मान खाली घातली. माझी मैत्रीण माझ्याकडे बघेना. काका अंडं सोलत होते, त्यांनी वर न बघता सांगितलं, "पोरांनी आनला. ह्या बायनी."

तिघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. थोरल्याने तर हात पुसून माझ्या डोक्यावर ठेवला. "बेस केलास गो बाय! पुढल्या वर्साला पन तूच आन."

मी आजवर पोलिसांसमोर, साहेबांसमोर, माझ्या स्वतःच्या आईसमोर कधी गप्प बसलेली नाही. तिथे बसले.

आता यंदाची थंडी. प्लॉटवर यंदा फक्त गाजरगवत आलं, बाकी काही नाही. आमची मार्गिका मात्र चकाचक आहे, स्कूटरवाले शॉर्टकट म्हणून वापरतात. त्यावर माझं नवं पत्रक छापायला गेलंय. काका रोज निघतात, शिवेच्या आत मान डावीकडे. रविवारी मीही माझी सायकल घेऊन त्यांच्या मागे जाते. इतक्या हळू सायकल चालवणं हे फार कठीण काम आहे, तोल जातो. कुंपणाच्या फटी, गटाराचे काठ, बंद पडलेल्या बांधकामाचे ढिगारे, सगळीकडे बघून झालं. मी म्हटलं, शिवेपलीकडे खूप आहे काका, मी स्वतः बघितलीये, घेऊ या ना. "ती हाय त्यांची," ते म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी एका पंपहाउसच्या भिंतीला सापडली. तीन रोपं. मी तिथल्या तिथे त्यांच्या फांद्या मोजायला लागले. एका मडक्यापुरता तरी पाला निघेल, निदान तोंड बंद करण्यापुरता, आणि नेम तेवढाच तर आहे! काका भिंतीला सायकल टेकवून तिथेच उकिडवे बसले. शेंड्यांना बारीक कळ्या होत्या. त्यांनी एक पान खुडलं, चुरगळलं, वास घेतला आणि पुन्हा हात लावला नाही. एवढ्यात थोरल्याचा फोन आला. तो दर रविवारी यायचा. शेंगा भरल्या, कधी लावतोस.

"नाय रे," काका म्हणाले. "यंदा नाय." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. "गुडगा नाय, गुडगा बरा हाय. पुढल्या वर्साला लावू. हां. तू बरा हायस ना? बीपीची गोली घेतोस ना?" फोन ठेवून ते उठले. मी म्हणाले, मी जाते, तिघांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगते, माझ्यामुळे झालं म्हणून. मला कबुलीचं एक भाषणच सुचलं होतं. काका म्हणाले, "आनि मग ते तुज्यावर रागावतील. तेच्यानी पाला येतो कं?"

मी तिथे पाटी लावायची म्हटली, तीही त्यांनी लावू दिली नाही. पाटी लावली की लोक बघायला येतात, म्हणाले. त्यांनी चार दगड आणून रोपांभोवती मांडले, कुणाचीही नजर जाऊ नये असे. होळी झाली, तरी यंदा सायकल जिन्याखाली गेली नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "थोडा काम हाय."

गेल्या रविवारी फुलं वाळली होती, वरचं पांढरं मऊ बी सुटायला आलं होतं. काकांनी दोन वाळली डोकी अलगद तोडून माझ्या तळहातावर ठेवली, तिसऱ्या रोपाला हात लावला नाही. "उडल. मूठ कर," म्हणाले. मी एका हाताने हँडल धरून, दुसरी मूठ मिटून, त्यांच्या मागे त्या खाडीकडच्या प्लॉटपर्यंत आले. ऊन चढलं होतं. खाडीकडून वारा येत होता आणि समोर गाजरगवत माजलेलं.

"उगवेल?" मी विचारलं.

"ठाव नाय. सोड."

मूठ उघडायला मला जरा वेळ लागला.